हवेचा प्रश्न आपला का आहे?

(विचुंबे, ता. पनवेल येथे रहिवाशांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





या बैठकीच्या चिठ्ठ्या वाटत असताना एका तरुणाने मला विचारले, "मॅडम, तुमची चळवळ तलाक, पोटगी, मुलींचं शिक्षण यावर बोलते. हे हवेचं मध्येच काय काढलंत?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर त्याला एकट्याला दोन वाक्यांत देण्यापेक्षा सर्वांसमोर नीट द्यावे, असे मला वाटले.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला. त्या काय मागत होत्या? तोंडी तलाकापासून, बहुपत्नीत्वापासून संरक्षण. म्हणजे नागरिक म्हणून जे संविधान सगळ्यांना देते, ते आम्हालाही द्या, एवढेच. त्या मागणीचा गाभा असा होता की, मुसलमान बाई ही आधी या देशाची नागरिक आहे. आता हाच गाभा हवेला लावून पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले की, संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा हक्क येतो. म्हणजे चांगला श्वास घेणे ही कुणाची मेहेरबानी नाही. तो तलाकपीडित बाईच्या पोटगीइतकाच हक्क आहे. आणि आपण तो मागत नाही.

इथे बसलेल्यांपैकी निम्मी माणसे गेल्या दहा-पंधरा वर्षांत विचुंब्यात आली आहेत. कुणी कुर्ल्याहून, कुणी मुंब्र्याहून, कुणी गोवंडीहून. का आलो? घर परवडले म्हणून, आणि दुसरे म्हणजे "तिकडे हवा चांगली आहे, मुलांना मोकळं वाटेल" म्हणून. गोवंडीहून आलेल्यांना जानेवारी २०१६ आठवत असेल. देवनार कचराभूमी पेटली, धूर इतका की उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच गोवंडीत रुग्णालयांचा कचरा जाळणारे केंद्र होते. तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२३ मध्ये न्यायालयाने ते केंद्र हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. हलवायचे कुठे? रायगड जिल्ह्यात, खालापूरकडे. गोवंडीच्या लोकांनी लढून मिळवलेला तो न्याय आहे, मी त्यांना सलामच करीन. पण यातून एक गोष्ट समजून घ्या. माणूस धुरापासून पळून जिथे जातो, तिथे काही वर्षांनी धूरही येतो. कारण दोघांनाही स्वस्त जमीन लागते.

आपल्या आजूबाजूला काय काय आहे ते एकदा मोजू. उत्तरेला तळोजा औद्योगिक वसाहत. रसायने, औषधे, रंग, धातू, मासळी प्रक्रिया असे शेकडो कारखाने. मुंबई परिसरातील घातक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्रही तिथेच. दुसऱ्या बाजूला पाताळगंगा आणि रसायनी; तिचे नावच तिचा धंदा सांगते. कळंबोलीला लोखंड-पोलाद बाजार, तिथे रात्रंदिवस ट्रक. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून कंटेनरची रांग पनवेलवरून जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्यापासून लांब नाही. डोंगर पोखरणाऱ्या दगडखाणी आहेत, खडी आहे, सिमेंट कालवणारे आरएमसी प्लांट आहेत. विमानतळासाठी उलवे टेकडी सुरुंग लावून कापली गेली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आणि विमानतळाच्या प्रभावाखाली म्हणून २०१३ मध्ये जे 'नैना' क्षेत्र अधिसूचित झाले, त्यात विचुंबे येते. म्हणजे पुढची वीस वर्षे आपल्या दारात बांधकाम चालूच राहणार आहे. विकास नको असे मी म्हणत नाही. आपण सगळे त्याच विकासातल्या एकेका खोलीत राहतो. पण त्या विकासाची धूळ कुणाच्या छातीत जमा होते, हे विचारायला नको का?

आता थोडे विज्ञान. घाबरू नका, मी शाळेत शिकवत असे, सोपे करून सांगते.

हवेतल्या धुळीचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एक, दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ, पीएम १०. बांधकाम, खडी, कच्चा रस्ता यांची. ती नाकात, घशात अडकते. खोकला, शिंका, डोळ्यांची आग. दुसरी, अडीच मायक्रॉनपर्यंतची, पीएम २.५. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे अठ्ठावीस कण मावतील. हे कण डिझेलच्या धुरातून, कोळशातून, जळत्या कचऱ्यातून, रसायनांच्या वायूंतून तयार होतात. ते नाकात थांबत नाहीत. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यातले सर्वांत बारीक कण रक्तात उतरतात. म्हणून प्रदूषणाचा आजार फक्त दमा नाही. हृदयविकार आहे, पक्षाघात आहे, कमी वजनाचे बाळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा हीच कर्करोगकारक ठरवली.

किती धूळ चालते? आपल्या देशाचे २००९ चे मानक सांगते, पीएम २.५ ची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन सांगते, ५ च्या आत. आठपट फरक. म्हणजे सरकारी कागदावर "मर्यादेत" लिहिलेली हवा डॉक्टरांच्या हिशेबात चांगली असेलच असे नाही. तसेच मोबाइलवर दिसणारा आकडा. हवेचा निर्देशांक १०१ ते २०० असला की आपल्याकडे त्याला 'मध्यम' म्हणतात. मध्यम शब्द ऐकला की आपण निर्धास्त होतो. पण त्याच तक्त्यात पुढे लिहिलेले असते की या पातळीला दमा, फुप्फुस आणि हृदयाचा विकार असलेल्यांना त्रास होऊ शकतो. ज्या घरात दम्याचा पंप आहे त्या घरासाठी 'मध्यम' हा शब्द नाही, तो इशारा आहे. माझ्या घरात असे दोन पंप आहेत.

लोक विचारतात, वास रात्रीच का येतो? कारखानेवाले रात्री सोडतात म्हणून. काही ठिकाणी ते खरे असेलही, कारण रात्री पाहायला कुणी नसते. पण दुसरे कारणही समजून घ्या, नाहीतर तक्रार करताना आपण अडकतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि जड, तिच्यावर उबदार हवेचा थर, जणू पातेल्यावर झाकण. दिवसा समुद्राकडून येणारा वारा घाण पांगवतो, रात्री तो थांबतो. मग कारखान्याचा वायू, ट्रकचा धूर, पेटलेला कचरा, सगळे त्या झाकणाखाली अडकते आणि सकाळी ऊन तापेपर्यंत तिथेच राहते. म्हणजे सर्वांत वाईट हवा कधी? पहाटे. त्या वेळी रस्त्यावर कोण असते? फज्रच्या नमाजला जाणारे म्हातारे, काकड आरतीला निघालेले अप्पा, दूधवाला, पेपरवाला, शाळेची पहिली बस धरणारी मुले आणि पहिली लोकल पकडणारा कामगार. नमाज आणि आरती एकाच धुरातून वाट काढतात. यापेक्षा समान प्रश्न मला तरी दुसरा माहीत नाही.

आपल्या भागाचे मोजमाप झालेच नाही असे नाही. २०२१ च्या सुरुवातीला वातावरण फाउंडेशनने खारघरमध्ये चौकात पांढऱ्या फुप्फुसांचा फलक लावला होता. आतल्या पंख्याने हवा ओढली जायची, जशी आपली छाती ओढते. ती फुप्फुसे काही दिवसांतच काळी पडली. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती पाहिली, फोटो काढले. पण केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या महाराष्ट्राच्या यादीत नवी मुंबई आहे, उल्हासनगर आहे, बदलापूर आहे. पनवेलचे स्वतंत्र नाव नाही. आणि विचुंबे तर महापालिकेतही नाही, ग्रामपंचायत आहे. रस्त्याच्या त्या बाजूला शहर, या बाजूला गाव. धुळीला ही हद्द कळत नाही, पण निधीला आणि अधिकाऱ्याला ती बरोबर कळते.

ही गोष्ट फक्त आपलीच आहे असेही समजू नका. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला सिटी नावाचे शहर आहे. ज्वालामुखींच्या मधल्या पठारावर वसलेले. अमेरिकेतल्या शाळांनी काढून टाकलेल्या जुन्या बसगाड्या तिथे रंग देऊन प्रवासी वाहतुकीला वापरतात, काळा धूर सोडत त्या चढ चढतात. एप्रिल २०२४ मध्ये शहराजवळची मोठी कचराभूमी पेटली आणि मुलांना शाळेत बोलावणे थांबवावे लागले. वाचताना मला देवनारच आठवले. भाषा स्पॅनिश, धर्म ख्रिस्ती, डोंगर आगीचे. पण श्रीमंत देशाची जुनी गाडी गरीब देशात आणि श्रीमंत वस्तीचा कचरा गरीब वस्तीच्या उशाला, हा हिशेब सगळीकडे एकच आहे.

आता थोडे कडू बोलते. कारखान्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे, ते दाखवलेच पाहिजे. पण आपल्या मोहल्ल्याचा हिशेबही मांडू.

आपल्यातले कितीतरी जण भंगारात आहेत, वेल्डिंगमध्ये आहेत, गॅरेजमध्ये, बेकरीत, भट्टीवर आहेत. तांब्याच्या तारेवरचे प्लास्टिक काढायला तार जाळतात. तो काळा धूर पहिल्यांदा कुणाच्या छातीत जातो? तार जाळणाऱ्या पोराच्या. मुंबईतल्या बेकऱ्यांचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. पुष्कळ बेकऱ्या मोडक्या फर्निचरचे लाकूड जाळत, त्यावरचा रंग, पॉलिश, डिंक सगळ्यासकट. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत लाकूड-कोळशावरून गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. आपल्याकडे लगेच दोन गट पडले. एक म्हणाला, हे आपल्या धंद्यावर मुद्दाम आणलेले संकट आहे. दुसरा म्हणाला, न्यायालयाने सांगितले म्हणजे संपले. मी दोन्ही गटांत नाही. बेकरीमालकाला भट्टी बदलायला स्वस्त कर्ज मिळाले पाहिजे, कामगाराचा एक दिवसही रोजगार बुडता कामा नये, ही मागणी आपण रस्त्यावर उतरून करू. पण लाकडाच्या धुराला परंपरा म्हणून कवटाळायचे नाही. कारण त्या भट्टीपुढे आठ-दहा तास उभा राहणारा पोरगा आपलाच आहे.

आणि परंपरेचेच म्हणाल, तर आपली परंपरा काय सांगते तेही पाहा. बाराव्या शतकात सीरियातल्या शैझरी यांनी बाजाराच्या देखरेखीवर ग्रंथ लिहिला. मुहतसिब म्हणजे बाजार तपासणारा अधिकारी. त्याने काय काय पाहायचे याची यादी त्यात आहे. पाव भाजणाऱ्याच्या दुकानाचे छत उंच असावे आणि धूर बाहेर जायला मोठी वाट असावी, हेही त्यात येते. आठशे वर्षांपूर्वीच्या बेकरीचे धुराडे! उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाने दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली. शेजाऱ्याला कशाकशाचा त्रास झाला तर तो थांबवावा लागेल, याच्या उदाहरणांत तिथे भट्टीचा धूर येतो. आणि तुम्हाला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, वाटेतला काटा किंवा दगड बाजूला करणे हाही सदका आहे. मग श्वासाच्या वाटेतला काटा? तो बाजूला करणे सदका नाही का? मौलाना साहेबांना माझी विनंती आहे, एखाद्या जुम्म्याला यावर बयान करा. लोक माझ्यापेक्षा तुमचे जास्त ऐकतात.

घरातही धूर आहे, तो आपण मोजत नाही. बंद खोलीत डासांची कॉइल, वर अगरबत्ती, गुरुवारी लोबान. घरात दमेकरी असेल, तान्हे बाळ असेल तर हे बंद करा. मच्छरदाणी लावा, ती जास्त स्वस्त आणि जास्त खरी. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून काही घरांत अजून चूल पेटते. त्या बाईला कुणी दोष देऊ नका. सिलिंडर कसा भरला जाईल ते पाहा. जकातीचे, फित्र्याचे पैसे आपण वाटतो, त्यातून तिच्या हातात रक्कम ठेवता येईल का, हे जमातीने आलीम मंडळींशी बोलून ठरवावे.

शब-ए-बारात तोंडावर आहे. रात्री जागायचे, दुआ मागायची, कबरस्तानात जायचे. त्यात फटाके कुठून आले? कुठल्याही मौलानांना विचारा, ते सांगतील याचा दीनशी काही संबंध नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या हवेबद्दलच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कोणताही धर्म प्रदूषणाला उत्तेजन देत नाही. दिवाळीला शेजाऱ्याला फटाके कमी वाजव म्हणून सांगायचे असेल, तर आधी आपल्या गल्लीत शब-ए-बारात शांत जाऊ द्या. मग आपल्या शब्दाला वजन येईल.

त्यानंतर पंधरा दिवसांत रमजान. दरवर्षी एक चूक होते आणि ती जिवावर बेतते. दम्याचा रुग्ण रोजा आहे म्हणून पंप घेत नाही. पंपाने रोजा तुटतो की नाही यावर उलेमांमध्ये दोन मते आहेत, मी त्या वादात पडत नाही. पण आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची, नंतर पूर्ण करण्याची किंवा फिदया देण्याची सवलत दीननेच दिली आहे, यावर वाद नाही. म्हणून रमजानच्या आधी डॉक्टरांकडे जा, पंपाच्या वेळा सहरी आणि इफ्तारीला बसतात का ते विचारा. आणि दम लागला तर पंप घ्या. त्या वेळी कुणाच्या तोंडाकडे पाहू नका.

आता सर्वांत अवघड मुद्दा. आपण तक्रार का करत नाही?

मी घरोघर विचारले. उत्तरे अशी मिळाली. "आम्ही भाड्याने राहतो, मालक म्हणेल खोली खाली करा." "माझा मुलगा त्याच पट्ट्यात कामाला आहे, उद्या गेटवर अडवला तर?" आणि तिसरे उत्तर, हळू आवाजात दिलेले: "खाला, आपण मुसलमान. कशाला नजरेत यायचं?" या तिसऱ्या उत्तराला मी हसणार नाही. गेल्या काही वर्षांत ही भीती कुठून आली, हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण तिचा परिणाम काय होतो ते बघा. ज्याला तक्रार करायची भीती वाटते, त्याच्याच दारात कचरा पेटतो. कारण पेटवणाऱ्यालाही माहीत असते की इथून कागद जाणार नाही. गप्प राहून आपण सुरक्षित होत नाही, फक्त स्वस्त होतो.

तीनही उत्तरांवर उपाय एकच आहे. एकट्याने तक्रार करायची नाही. आणि फक्त आपल्या लोकांनीही करायची नाही. आज इथे आगरी समाजातली मंडळी आली आहेत, बौद्धवाड्यातल्या ताई आल्या आहेत, सोसायट्यांचे सचिव आले आहेत. अर्जाखाली पन्नास नावे असली आणि त्यात म्हात्रे, पाटील, शेख, कांबळे, यादव सगळे असले, की कुणा एकाला धरता येत नाही. मोहल्ल्याचा अर्ज आणि गावाचा अर्ज यात फरक असतो.

हे होऊ शकते याचा पुरावा तळोज्यातच आहे. कासाडी नदी औद्योगिक सांडपाण्याने मेली, मासळी गेली. अरविंद पुंडलिक म्हात्रे यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. वर्षानुवर्षे खटला चालला. लवादाने देखरेखीसाठी समिती नेमली, सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला कोट्यवधी रुपये भरायला लावले. ऑगस्ट २०१७ मध्ये तर तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले. अंगावर कारखान्याचा रंग चढलेले. ते फोटो जगभर गेले आणि एका कारखान्याला काम बंद करण्याची नोटीस निघाली. कुत्र्याचा रंग दिसला म्हणून जग हलले. आपल्या फुप्फुसाचा रंग दिसत नाही, म्हणून आपल्याला कागदावर दाखवावा लागेल.

तर कामाचे बोलू. कोणती तक्रार कुठे करायची ते आधी. कारखान्याचा वास, धूर: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, बेलापूरच्या रायगड भवनात. १९८१ च्या हवा कायद्याने अधिकार त्यांना आहे. बांधकामाची धूळ: 'नैना'साठी नियोजन प्राधिकरण सिडको आहे, तिथे. उघड्यावर कचरा जाळणे: ग्रामपंचायत. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई सांगितली आहे. काळा धूर सोडणारे वाहन: आरटीओ. मी एका कार्यालयात गेले होते, त्यांनी दुसरीकडे पाठवले, दुसऱ्यांनी तिसरीकडे. म्हणून आता एकच अर्ज, चारही कार्यालयांना प्रत, आणि प्रत्येकाकडून पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला कागद.

दुसरे, नोंदवही. "रोज रात्री वास येतो" या वाक्यावर अधिकारी काही करू शकत नाही. तारीख, वेळ, किती मिनिटे, वास कसला, सडलेल्या अंड्यासारखा, जळक्या रबरासारखा की औषधासारखा, वारा कुठून होता, घरात कुणाला काय झाले, एवढे लिहा. प्रत्येक गल्लीत दोन जण. बहुतेक बायकाच असतील, कारण रात्री मुलाला घेऊन बसणारी तीच असते. महिनाभराची अशी पाच वह्यांची नोंद जुळली, की तो पुरावा होतो.

तिसरे, माहितीचा अधिकार. प्रत्येक कारखान्याला मंडळाचे संमतिपत्र लागते, त्यात किती, काय, कुठून सोडायचे याच्या अटी असतात. त्या अटींच्या प्रती मागू. मोठ्या बांधकामांनाही हिरवे कापड, पत्र्याची भिंत, पाणी मारणे, झाकलेले डंपर असे नियम असतात. परवानगीच्या अटी मागू आणि साइटवर जाऊन मोबाइलने फोटो काढू. भांडायचे नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. साइटवरचा मजूर आपला शत्रू नाही, तो आपल्यापेक्षा जास्त धूळ खातो.

चौथे, मागणी. हवा मोजणारी सरकारी केंद्रे कळंबोली आणि तोंडरे-तळोजा इथे आहेत. ती आपली हवा सांगत नाहीत. विचुंबे, उसर्ली, देवद, सुकापूर या पट्ट्यासाठी एक केंद्र हवे आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज मराठीत लिहिला जावा. त्यासाठी ग्रामसभेत ठराव घेऊ. ग्रामसभेला आपले लोक जात नाहीत, ही सवय आता मोडायची. मतदार यादीत नाव आहे ना? मग ग्रामसभा तुमचीच आहे.

तोपर्यंत काय करायचे? निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी म्हाताऱ्यांनी फज्र घरी अदा करावी, चालायला जाणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर जावे. मुलांचे मैदान सकाळऐवजी संध्याकाळी. मास्क घालायचा तर एन-९५ घाला, रुमालाने बारीक कण अडत नाहीत. घर झाडण्याआधी ओला फडका मारा. हे उपाय नाहीत, छत्री आहेत. छत्री धरून पाऊस थांबत नाही, पण तोपर्यंत भिजायचे कशाला?

त्या तरुणाने मला विचारले होते, हे मध्येच काय काढले. बेटा, मुलगी शिकली पाहिजे म्हणून आपण भांडलो. आता ती शिकलेली मुलगी सकाळी सहाच्या बसला उभी राहते आणि खोकते. तिच्या शाळेसाठी भांडलो, तर तिच्या श्वासासाठी कोण भांडणार?

बाहेर टेबलावर पाच वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक वहीवर गल्लीचे नाव आहे. जाताना ज्यांना जमेल त्यांनी आपल्या गल्लीची वही घेऊन जावे. एका वहीला दोन माणसे, आणि शक्यतो दोघे वेगवेगळ्या समाजांतले. पहिली नोंद आज रात्रीचीच करा.